खंडेनवमीचा आरसा

नाही, अण्णांनी केलं असतं ना, तर मी एक शब्द बोललो नसतो! अण्णा म्हणजे माझे वडील, रेल्वेतून रिटायर झालेले, खंडेनवमीला घरातला पाना, पक्कड, शिलाई मशीन, स्कूटर, कशाकशाला म्हणून कुंकू लावायचं सोडत नाहीत... मागे माझ्या लॅपटॉपच्या बटणांत अक्षता गेल्या. बोललो मी? नाही बोललो. पण रेवतीनं? माझ्या बायकोनं? फिजिक्स शिकवते हो ती कॉलेजात!

तुम्हाला सांगतो, आरसा म्हटलं की लोकांना भांग पाडायचा आरसा दिसतो. आमच्या झाशीतल्या दतिया गेटचा काचवाला मला विचारतो, "भैया, फ्रेम कौन-सी लगेगी?" अरे, फ्रेम कसली! जबरदस्त ताकदीच्या लेझरचा आरसा तो. त्या लेझरचा झोत म्हणजे नुसती ठिणगी, पापणी लवायच्या कितीतरी आधी संपलेली, आणि तेवढ्यात अनेक रंग कोंबलेले. काचेतून गेले की वरातीतल्या मंडळींसारखे पांगतात, तांबडा पुढे पळतो, निळा रेंगाळतो. तर मी काचेवर थरावर थर असे आखलेत, की तांबडा खोल जाऊन परततो, तोवर निळा त्याला गाठतो आणि दोघं जोडीनं बाहेर. वर्षं गेली हो त्यात! आणि त्यावर धुळीचा एक कण जरी बसला, तरी तिथंच भाजून खड्डा. आरसा गेला की ऑर्डर परदेशात, आणि आमचं झाशीतलं काम बंद. हे कुणाला माहीत होतं? रेवतीला! माझी गणितं तिनंच तपासली, पोळ्या लाटता लाटता.

दसऱ्याला पहाटेची गाडी, दुसऱ्या गावी चाचणी, म्हणून आरशाचा सीलबंद डबा आदल्या दिवशी नगरा वस्तीतल्या आमच्या घरी आणला. अण्णा ताम्हन घेऊन फिरतायत. मी डबा कपाटात घातला, कुलूप लावलं, किल्ली रेवतीच्या हातात दिली, म्हटलं, अण्णांवर लक्ष ठेव. अण्णांवर! आणि झेंडू आणायला गेलो...

परत येतो तर डब्याचं सील तुटलेलं, आणि आरशावर कुंकवाचं बोट! मी अण्णांवर घसरलो, नाही नाही ते बोललो. अण्णा ताम्हन खाली ठेवून एवढंच म्हणाले, "किल्ली माझ्याकडे नव्हती रे." आणि आतून रेवती, वर्गात शिकवल्यासारखी, शांतपणे: "मी लावलं. कडेला लावलंय. झोत मधोमध पडतो."

म्हणजे बघा! अडाणीपणानं नाही, हिशेबानं! माझाच आराखडा वापरून! वर म्हणते, "पान्याला लावायचं, आणि ज्याच्यापायी तू जेवणखाण विसरलास, त्याला नाही?" अण्णांनी केलं असतं तर बोललोही नसतो, पण रेवतीनं?

पुसला, जपून जपून पुसला, तरी कडेला गुलाबी छटा राहिलीच. चाचणीवाले मुकेशजी डब्यात डोकावून म्हणाले, "मकरंद जी, ये लाल क्या है?" म्हटलं, संपलं. खरं सांगून टाकलं, आता हाकलणार. तर तो माणूस म्हणतो, "पूजा हुई है? फिर तो चढ़ाइए." आणि बघतो तर त्यांच्या मशीनवर स्वस्तिक! विज्ञानात माझं म्हणून कुणी उरलंय का, सांगा!

झोत सोडला. ताकद वाढवत नेली, मी डोळे मिटून उभा. काही नाही! आरशाला ओरखडासुद्धा नाही. ऑर्डर आम्हालाच.

आता घरी अण्णा पेढे वाटत सांगतायत, सूनबाईच्या हाताला यश आहे. मुकेशजींचा फोन, पुढच्यालाही भाभीजींकडून लावून आणा. थरांचं नाव कुणी घेतंय? ती तांबड्या-निळ्याची कसरत, कुणी विचारतंय? अण्णांचं सोडा हो, पण रेवती म्हणते, "बघ, मी म्हटलं होतं ना, मधोमध पडतो."

काय सांगू तुम्हाला... जळला असता ना, तर निदान मी बरोबर तरी ठरलो असतो. पण नाही. आरसा माझा, आणि तिचं खरं करून आला!