गाण्यातला 'पुरे!'

तर तुम्हाला सांगतो, आमच्या वेळी चौघांचा एक बँड होता, त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात माझा आवाज आहे! हसताय काय? रेकॉर्डवर आहे, दुकानात विकलेला आवाज! आता... शब्द एकच आहे म्हणा. आणि तोही गाण्यातला नाही, मधल्या गॅपमधला. जरा बारीकही आलाय, कोवळा... तेव्हाची यंत्रंच तसली, हत्ती ओरडला तरी चिमणी ऐकू यायची. पण आवाज माझाच आहे हो!

झालं काय, आमच्या तरुणपणी मोठ्या मैदानावर या चौघांचा कार्यक्रम. रेकॉर्डिंग चाललेलं. शेवटच्या गाण्यात तो ड्रमवाला जो सुटला... धडाड धूम, धडाड धूम... थांबायचं नाव नाही! मी भुईमुगाच्या शेंगा संपवल्या, दुसरी पुडी उघडली, हा आपला बडवतोय! शेवटी दम खायला थांबला. सगळीकडे चिडीचूप. आणि त्या शांततेत... "पुरे!" मैदान खो खो हसलं, ड्रमवाल्याच्या हातातली काठी पडली. रेकॉर्ड निघाली ती 'पुरे'सकट. तेव्हापासून ते गाणं कुठेही लागू दे, लग्नात, हॉटेलात, न्हाव्याकडे, ड्रम थांबला की माणसं ओरडणारच! आणि माझ्या पुढच्या रांगेतली एक लांब वेणी गर्रकन वळली, असे डोळे वटारले म्हणून सांगू... भाळलीच आवाजावर. तीच आमची ही. म्हणजे बघा, एका शब्दात कीर्ती आणि संसार! सातवीत शाळेनं हाकलल्यावर याहून जास्त कोण काय मिळवतं?

तर आता त्या सगळ्या गाण्यांचं म्हणे नाटक केलंय. गाणी जुनी, गोष्ट नवी. मी तिकीटखिडकीत पहिला प्रश्न काय विचारला असेल? "बाई, त्यात 'पुरे' आहे ना?" ती म्हणते, "काका, पुरे म्हणजे? किती तिकिटं पुरे?" म्हटलं, "अगं, आवाज माझा आहे!" तर काचेला तोंड लावून, "हो का? छान. पुढचे या."

घरी ही म्हणाली, "हे बघा, हे नाटक आहे, गंभीर आहे. ओरडलात तर मी एकटी घरी जाईन, आणि किल्ली माझ्याकडे आहे." मला शपथ घातली. तेवढ्यावर भागेना म्हणून आत शिरताना एक टॉफी दिली. टॉफी कसली, सुताराचा डिंक!

नाटक सुरू. आता मला सांगा, सायकल पंक्चर झाली त्याचं गाणं, आम्ही त्यावर उड्या मारायचो, तर इथे ते नवरा-बायकोच्या काडीमोडाला! घरमालकाच्या कुत्र्यावरचं गाणं प्रियकर प्रेयसीला म्हणतोय, डोळ्यांत पाणी आणून! ती बिचारी म्हणते, "तू माझ्यासाठी लिहिलंस?" अगं बाई, त्यात शेपटीचा उल्लेख आहे! मी हिला कानात सांगायला गेलो, तर तोंडातून नुसतं "म्म्म". दाढा चिकटलेल्या!

आणि मग आलं माझं गाणं. कुठे आलं? मरणाच्या खाटेवर! नायकाची आई अखेरचे श्वास घेतेय, पोरगा उशाशी गातोय, आणि ड्रम म्हणजे म्हणे तिचं काळीज. धडाड धूम... धूम... आमच्या भोवती सगळी पिकली डोकी, रुमाल काढून बसलेली. धूम... थांबला. थिएटर सुन्न. माझी ती जागा, हो! आयुष्यभराची कमाई ती! शपथ गेली खड्ड्यात म्हटलं, जबडा उघडायला गेलो... उघडेल तर शपथ! दोन्ही हातांनी हनुवटी ओढतोय, तेवढ्यात शेजारून... खणखणीत...

"पुरे!"

ही! आमची ही! आणि मग काय विचारता, सगळी पिकली डोकी एका दमात, "पुरेऽऽ!" नायक गाणं विसरला. मेलेली आई चादरीखाली गदगदा हलतेय! बरं, रडून हलावं तर ती मेलेली, आणि हसून हलावं तरी मेलेलीच!

बॅटरी घेऊन दारावरचा माणूस धावत आला. "कोण? पहिलं कोण ओरडलं?" ही पर्समध्ये चष्मा शोधतेय, जशी काही आत्ताच आली. मी हात वर केला. का नाही करणार? आवाज माझा आहे! म्हटलं, "म्म्म!" तो बॅटरी तोंडावर मारून म्हणतो, "आजोबा, खाली बसा. आवाज बाईचा होता."

पडदा पडला. बाहेर पायऱ्यांवर टॉफी सुटली, बरोबर एक दाढही हलली. म्हटलं, "काय गं, मला शपथ, मला टॉफी, आणि स्वतः? पण एक मानलं हं, हुबेहूब काढलास! अगदी रेकॉर्डवरचा! इतकी वर्षं ऐकून ऐकून माझा आवाज उचललास ना?"

ही पदर सारखा करत पायऱ्या उतरत होती. वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "उचलायचंय काय त्यात? तेव्हाही मीच ओरडले होते. आणि मागे वळून बघितलं ते वेणीत टरफलं पडली म्हणून. तोंड तर तुमचं तेव्हाही भरलेलंच होतं."