अप्पांचा अर्धा स्वेटर

मंठाळच्या माझ्या माणसांनो, अक्कांनो, आणि अप्पा,

शेतातली कामं टाकून तुम्ही आलात. शांताक्का असती तर आधी तिनं तुम्हाला पाणी विचारलं असतं. मला सभेत बोलायची सवय नाही. मी वाचते, तेही घरात, मिळेल ते. पण आज तिच्याबद्दल न बोलता घरी गेले असते, तर मला चैन पडलं नसतं.

दसरा झाला की शांताक्का लोकर काढायची. आम्ही दोघी तिच्या कट्ट्यावर बसायचो. विणायचो आणि भांडायचो. मी मासिकातला नमुना वाचून दाखवायची. एक सुलट, दोन उलट, मग वेणी. ती ऐकून घ्यायची आणि विचारायची, "सुमन, हे कुठल्या गावचं हाय गं?"

"नमुन्याला कशाचं गाव, अक्का?"

"बर्फातलं असंल. गळा बघ की, हनुवटीपर्यंत! आपल्याकडं दहा वाजता ऊन चटके द्यायलंय. लेकरू स्वेटर कमरेला बांधून हिंडंल."

आपल्याकडची थंडी सकाळची, हे तिचं पक्कं मत. म्हणून स्वेटर समोरून उघडा, बटणांचा. बाही मनगटाच्या वर, कारण हात पाण्यात जातात. जाळीची वीण तर नकोच. "तुरीत जायचंय का लग्नात? काटुक अडकलं की गेलं सगळं." कानटोपी कानावर सैल पाहिजे. "न्हाईतर आमच्या म्हाताऱ्याला हाका मारून माझाच घसा बसायलाय." अप्पा, हे तुमच्याबद्दल होतं. तुम्ही तेव्हाही ऐकलं नव्हतं.

तिचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. रंगाचं तिला काही कळत नव्हतं. लहानथोर सगळ्यांना चॉकलेटी. थंडीत आमची गल्ली एकाच शाळेची वाटायची. आणि तिला नको असलेली वेणीची वीण मला आजही आवडते. ती गेली म्हणून मी मत बदललं, तर तिलाच ते पटणार नाही.

माझे मालक गेले, तेव्हा त्यांचे कपडे देऊन टाकायला काढले होते. शांताक्का आली. ढिगातून त्यांचा स्वेटर उचलला आणि घेऊन गेली. तो उसवला. लोकर धुतली, खाली दगड बांधून दोरीवर वाळवली, म्हणजे तिच्या वळ्या जातात. मग लोकरीचे गुंडे आणून माझ्या मांडीवर ठेवले.

"विण."

"कुणासाठी, अक्का?"

"तुझ्यासाठी. तुला थंडी वाजत न्हाई व्हय?"

हा गळ्यातला मफलर त्याच लोकरीचा. वेणीची वीण आहे. तेवढ्या एका वेणीला तिनं कधी नावं ठेवली नाहीत.

सोमवारी शांताक्का गेली. सुयांवर अप्पांचा स्वेटर अर्धा राहिला. पाठ झाली आहे, पुढचा भाग छातीपर्यंत आला आहे. तिची सून सविता तो घेऊन माझ्याकडे आली.

"काकू, तुम्हीच पुरा करा. पण आत्यांचा हात घट्ट, तुमचा सैल. मधी रेघ दिसंल. सगळा उसवून पहिल्यापासून विणा की."

सविता खरं बोलली. शांताक्काचा टाका असा घट्ट, की सुई शिरत नाही. कितीही जपलं तरी दोन हात दिसणारच.

"काकांचा उसवलाच होता की," ती म्हणाली.

मी स्वेटर मांडीवर घेऊन तिचे टाके चाचपले. मग उमगलं. माझ्या मालकांचा स्वेटर वापरून झाला होता. त्यानं त्यांना ऊब दिली होती. हा अजून अप्पांच्या अंगाला लागलेलाच नाही. तिनं घातलेला टाका मी कशी काढू? कुठल्या हातानं काढू?

अप्पा, मी एकही टाका उसवणार नाही. तिचीच साधी वीण, समोरून उघडा, चॉकलेटी. मला आवडो न आवडो. दिवाळीच्या आत देते. छातीवर रेघ दिसेल. दिसू द्या.

आता सगळे उभे राहा. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. शांताक्काला रिकामे हात बघवत नव्हते. "कामून नुसती बसलीस?" म्हणायची. आज एवढा वेळ तिनं चालवून घ्यावं.

अक्का, जा तू. स्वेटरचं मी बघते.