मंगळवारची मुलाखत

वर्ना : पाणी गरम आहे.

रोवेना : रोजच्याइतकंच आहे, मॉम.

वर्ना : मग रोजच गरम असतं. आज बोलून दाखवलं, एवढंच. आणि मॉम कशाला म्हणतेस? इथे न्हाणीघरात कोण ऐकतंय? मंगळवारी त्या ग्रीन कार्डवाल्या साहेबासमोर म्हण.

रोवेना : आमच्याकडे सासूला नावानं हाक मारत नाहीत. डोळे मिटा, साबण जाईल.

वर्ना : आमच्याकडे! पाच वर्षं झाली ओहायोत येऊन, तरी हिचं आपलं आमच्याकडे. तुमच्याकडे फोटोवरून नवरे पसंत करतात, तेही सांग त्याला.

रोवेना : कर्टिस दोनदा फिलिपिन्सला आला होता, आमच्या इलोइलोला. माझ्या वडिलांच्या होडीतून मासे धरायला गेला होता. उन्हानं सोलपटून परत आला.

वर्ना : असेल. तिकडे यायला निघताना मला काय म्हणाला, ठाऊक आहे? ‘मॉम, एक बाई मिळालीय, हॉस्पिटलात काम केलेली.’ सुंदर नाही म्हणाला, मायाळू नाही म्हणाला. मला झटका येऊन डावी बाजू गेली होती ना तेव्हा नुकती. तू विमानातून उतरलीस आणि दोन दिवसांत मला संडासला नेऊ लागलीस.

रोवेना : दुसऱ्याच दिवशी. मान मागे करा.

वर्ना : आणि सरकार बसलंय तपासत, लग्न खरं की खोटं. आधी दोन वर्षांचं कच्चं कार्ड. मग दोघांनी सह्या करून अर्ज टाका, कार्ड पक्कं करा म्हणून. मग वाट बघा. तीन वर्षं बघतेयस तू. मला विचारलं असतं तर मी एका वाक्यात सांगितलं असतं.

रोवेना : काय सांगितलं असतं?

वर्ना : तुझं खरं आहे म्हणून. खोटं असेल तर त्याचं. पण त्याला कोण विचारतंय, तो इथलाच.

रोवेना : पाणी ओततेय. डोळे मिटा.

वर्ना : लागलं का? लागू दे. मंगळवारी तो येणार नाही, हेही ऐकून ठेव. मीच त्याला सांगितलंय. पक्कं कार्ड हातात पडलं की ही बाई पेटी उचलेल आणि मला त्या म्हाताऱ्यांच्या कोंडवाड्यात टाकतील. मी मरेपर्यंत मुलाखतीला जाऊ नकोस म्हटलं त्याला.

कर्टिस : (दाराबाहेरून) रोवेना, जरा बाहेर येतेस?

वर्ना : काय ते इथेच बोल.

कर्टिस : एकच मिनिट, मॉम.

रोवेना : हा टॉवेल घट्ट धरून बसा. उठू नका. आलेच.

(स्वयंपाकघरात. दोघंही हळू आवाजात.)

कर्टिस : वृद्धाश्रमाची गाडी आलीय. कोपऱ्यावर थांबवलीय मी, मॉमला दिसायला नको. अजून किती वेळ?

रोवेना : केस ओले आहेत त्यांचे. ओल्या केसांनी नाही नेऊ देणार मी.

कर्टिस : काय सांगितलंस तिला?

रोवेना : काहीच नाही.

कर्टिस : पायाच्या डॉक्टरकडे जायचंय म्हण.

रोवेना : तू म्हण. आई तुझी आहे.

कर्टिस : माझ्याबरोबर ती हलणार नाही. मागच्या खेपेला दाराची चौकट धरून किंचाळली, शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. विसरलीस? ती फक्त तुझं ऐकते.

रोवेना : ऐकतात, कारण मी त्यांच्याशी कधी खोटं बोललेले नाही.

कर्टिस : हे बघ, आपलं ठरलंय. ती गाडीत बसली की मंगळवारी मी येतो. चांगला शर्ट घालतो. विचारतील त्याची उत्तरं देतो. पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपतेस, सकाळी काय खातेस, सगळं.

रोवेना : कुठे झोपते मी?

कर्टिस : मॉमच्या खोलीत. पण ते थोडंच सांगणार आहे.

रोवेना : चर्चमधल्या वकीलबाई म्हणत होत्या, घटस्फोट घेऊन एकटीलाही अर्ज चालवता येतो. लग्न खऱ्या मनानं केलं होतं, एवढं पटवून द्यायचं.

कर्टिस : दे की पटवून. पण मला बोलावलं तर मी काय बोलेन, ते माझं मलाही माहीत नाही.

रोवेना : हे तू मला धमकी म्हणून सांगतोयस?

कर्टिस : मी फक्त सांगतोय. रोवेना, मी दमलोय गं. पाच वर्षं या घरात औषधांचा वास आहे. मंगळवारनंतर तू मोकळी, मीही मोकळा.

रोवेना : ती जागा कशी आहे?

कर्टिस : चांगली आहे म्हणतात.

रोवेना : तू पाहिलीस?

कर्टिस : फोनवर बोललो ना. बायका बोलायला बऱ्या होत्या.

रोवेना : त्यांना रात्री दोनदा कूस बदलून द्यावी लागते. ते सांगितलंस?

कर्टिस : सांगतो.

रोवेना : अजून एक. तो साहेब मला विचारेल, लग्न का केलंस. तुला बहुतेक नाही विचारणार. म्हणून मी विचारते.

कर्टिस : आत्ता?

रोवेना : आत्ताच.

कर्टिस : मॉमला कुणीतरी हवं होतं. आणि तू चांगली होतीस. म्हणजे, आहेस.

रोवेना : होडीत बसून माझ्या वडिलांना म्हणालास, हिच्याशिवाय राहवत नाही, ते?

कर्टिस : गाडीवाले खोळंबलेत, रोवेना.

रोवेना : जा. कोपऱ्यावर जाऊन थांब. तुला बघितलं की मॉमना कळेल.

(पुन्हा न्हाणीघरात.)

वर्ना : अर्धा तास लावलास. गारठले मी. काय म्हणत होता?

रोवेना : काही नाही. या, खुर्चीत बसवते. केस वाळवू.

वर्ना : काही नाही म्हणे. तोंड बघ आरशात. मंगळवारी येत नाही म्हणाला ना?

रोवेना : मान सरळ ठेवा.

वर्ना : आज जरा हळू चालतोय तुझा हात. रोज खरारा केल्यासारखी विंचरतेस. हं, तिथेच. कानामागे.

रोवेना : इथे?

वर्ना : हं. माझी आई विंचरायची असं... तुझा बाप गेला, तेव्हाचं आठवतं?

रोवेना : आठवतं.

वर्ना : तिकीट काढलं होतंस. आणि मी जिन्याजवळ पडले. तुझं जाणं राहिलं.

रोवेना : मणक्याला लागलं होतं तुम्हाला.

वर्ना : लागलं खरं. पण पाय घसरला नव्हता माझा. मी मुद्दाम कठडा सोडला होता.

रोवेना : मान हलवू नका.

वर्ना : ऐकलंस का?

रोवेना : ऐकलं.

वर्ना : वाटलं, गेलीस तर येणार नाहीस. कर्टिसकडे बघून कोण परत येईल? त्या रात्री तू माझ्या पाठीला शेक देत होतीस आणि रडत होतीस, तुला वाटत होतं मला झोप लागलीय. मी जागी होते.

रोवेना : हा हात इकडे द्या. बाही घालते.

वर्ना : ओरड तरी माझ्यावर. नाही? बरं, मग माझं ऐक. फोन दे मला. कर्टिसला सांगते, मंगळवारी जा तिच्याबरोबर. माझी शपथ घालते. मला टाळता नाही येत त्याला.

रोवेना : मागेही एकदा म्हणाला होतात.

वर्ना : मागे खोटं बोलले होते. आज खरं बोलतेय. कार्ड घे तुझं. मग जायचं तर जा. थांबलीस तर... थांबलीस तर बरं वाटेल मला, एवढंच. दे ना फोन.

रोवेना : नंतर देते. आधी दुसरा हात.

वर्ना : हा तर कोट आहे. कोट कशाला घालतेस घरात?

रोवेना : बाहेर जायचंय, मॉम.

वर्ना : कुठे?

रोवेना : पायाच्या डॉक्टरकडे.

वर्ना : आज? मला कुणी बोललं नाही.

रोवेना : आत्ताच फोन आला होता त्यांचा.

वर्ना : बरं. तू म्हणतेस तर.