इंग्रजीत जिवंत

दोन हजार सहाच्या सुमारास वसमतच्या एका कंप्युटर सेंटरात, बाकावर मी पाळीची वाट पाहत होतो. माझ्यापुढे शिवहार, बहिणीच्या लग्नाची छापून नेलेली मराठी-इंग्रजी पत्रिका परत घेऊन आलेला. समोर कंप्युटरवाल्या साधनाताई.

“ताई, बाबाच्या नावाआधी कै. काहून छापलं? बाबा जित्ते हायत!”

“आणि आई?”

“आई गेली. तिचं कै. बराबर हाय.”

“भाऊ, एक्सएमएलच्या, म्हणजे कंप्युटरातल्या यादीच्या, फायलीतून नावं आपोआप भरली जातात. मराठीत आईवडिलांची ओळ एकच, आणि कै. त्या ओळीतच शिवलेलं. दोघांनाही लागतं. इंग्रजी बाजू बघा, तिथं दोघांच्या ओळी वेगळ्या, वडील जिवंत आहेत.”

“बाबाला इंग्रजी येत न्हाई.”

“मग पत्रिका दाखवू नका.”

“दाखवली की! तवापासून बाबाच्या बीपीच्या गोळ्या बंद. म्हणून राहिले, डॉक्टर खोटं बोलंल, कंप्युटर काहून बोलंल?”

“पेननं खोडायचं.”

“खोडलं. म्हणले, खालचं दिसतंय.”

“ती ओळ लिहिणारा प्रोग्रामर पुण्यात असतो. फोन उचलत नाही.”

“मंग तुमीच काढा.”

“मी काढलं तर दोघांचंही जाईल.”

“जाऊ द्या. बाबानं गोळी तरी घ्यावी.”

प्रिंटर बराच वेळ कुरकुरला.

“घ्या. संपतराव आणि सिंधूबाई. कुणालाच कै. नाही.”

शिवहारनं पत्रिका वाचली आणि परत टेबलावर ठेवली.

“आता काय झालं, भाऊ?”

“बाबा हे वाचतील, ताई. आन म्हणतील, मंग तुझी माय कुठं हाय? हाक मार की तिला.”