मिठागराच्या फाट्यावर उतरलेल्या बाईबाबत

मी, वय २३ वर्षे, व्यवसाय नोकरी (रक्ततपासणी तंत्रज्ञ), राहणार सध्या रुग्णालयाच्या आवारातील कर्मचारी खोली, समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील खोलीत कालपासून एकटी राहते. आईवडील गावी असतात, वडील सुतारकाम करतात. घरात शिकलेली मी पहिलीच. नेमणुकीचे पत्र आल्यावर वडिलांनी नकाशा मागवला. हे गाव खंडाच्या अगदी टोकाला आहे, पुढे जमीन नाही. वडील म्हणाले, इथे बोट ठेवलं तर निम्मं पाण्यात जातं. ते मला पोहोचवायला येणार होते, पण पायावर फळी पडल्याने येऊ शकले नाहीत. निघताना आईने बजावले की, एकटी आहे असे कोणाला सांगायचे नाही, भाऊ न्यायला येतोय म्हणायचे, आणि जो कोणी आपणहून सोबत मागेल त्याच्यापासून आधी सावध राहायचे. मला भाऊ नाही.

काल दुपारी मी शेवटच्या टप्प्याची बस धरली. वाटेत माणसे उतरत गेली आणि मी व सदर महिला अशा दोघीच उरलो. कंडक्टर म्हणाले, आता आख्खी गाडी तुमचीच, पाय पसरून बसा, फक्त झोप लागू देऊ नका, नाहीतर थेट समुद्रात उतरावं लागेल. त्यावर त्या हसल्या. नंतर त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. वय अंदाजे पस्तीस. जवळ सामान नव्हते. त्यांनी मला बिस्किटे दिली. मी त्यांना ताई म्हणत होते.

शिकताना रक्त घेण्यासाठी रोज हात बघायची सवय झाल्याने त्यांच्या डाव्या दंडाकडे माझे लक्ष गेले. तेथे बोटांचे वळ होते. काही निळे होते, काही पिवळे पडलेले होते. म्हणजे ते एकाच दिवसाचे नव्हते. मी विचारले नाही.

आपण गावात कोणाकडे जाणार आहोत हे त्यांनी मला आपणहून सांगितले. मग म्हणाल्या, "उतरल्यावर तिथवर जरा सोबत करशील का? अंधार पडेल गं." मला आईचे बोलणे आठवले आणि भीती वाटली. मी म्हणाले, माझा भाऊ स्टँडवर येणार आहे. एवढ्याने भागले असते. पण मी पुढे म्हणाले की तो पोलिसात आहे. हे आईने शिकवलेले नव्हते, वजन पडावे म्हणून मी मनाने जोडले.

त्यांनी विचारले, "कुठल्या ठाण्यात?" मी म्हणाले, इथल्याच. त्यानंतर त्या उठून दाराजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मिठागराचा फाटा आल्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. कंडक्टर म्हणाले, "अहो बाई, इथे कुत्रंसुद्धा उतरत नाही." त्या उतरल्या. वारा जोराचा होता. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि गाडी हलेपर्यंत पाठ करून उभ्या राहिल्या. बिस्किटांचा पुडा माझ्याच मांडीवर राहिला. मी गाडी थांबवायला सांगितले नाही.

आज सकाळी रुग्णालयात पोलीस शिपाई मला बोलावण्यास आले. येथे ठाण्यात आल्यावर समजले की, सदर महिलेचे पती तिच्या शोधात आले आहेत व ते स्वतः दुसऱ्या शहरात पोलीस खात्यात आहेत. कंडक्टरने बसमध्ये ऐकलेले माझ्या भावाबद्दलचे बोलणे त्यांना सांगितले. असा कोणी भाऊ या ठाण्यात नाही असे दिसल्यावर माझी चौकशी झाली.

जबाब सुरू होण्यापूर्वी तिच्या पतींनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि म्हणाले, "घे बाळ, घाबरू नकोस. तिचं डोकं ठिकाणावर नसतं, तुझ्यासारखीला काय कळणार." मी पाणी प्यायले नाही. जबाब घेणाऱ्या महिला हवालदारांनी सांगितल्यावर ते उठून बाहेरच्या बाकावर बसले. तेथून खिडकीतून आत दिसते.

सदर महिला माझ्याशी नीट व सुसंगत बोलत होती. ती फाट्यावर का उतरली हे मला काल कळले नव्हते, आज तिच्या पतींना पाहिल्यावर कळले. फाट्यापासून गावापर्यंत वस्ती नाही. तिचा शोध घ्यावा, पण ती सापडल्यास पतीला कळवण्याआधी तिला विचारावे, ही विनंती आहे.

महिला हवालदारांनी हा जबाब मला हळू आवाजात वाचून दाखवला. "ती कोणाकडे जाणार होती हे मला माहीत नाही" असे त्यांनी लिहिले होते. ते मी बोलले नव्हते. त्या म्हणाल्या, "राहू दे की पोरी, तुझ्याच भल्याचं आहे." माझ्या सांगण्यावरून ते वाक्य खोडून तेथे माझी सही घेतली आहे. त्याऐवजी असे वाचावे : मला माहीत आहे, पण तिला विचारल्याशिवाय मी ते कोणालाही सांगणार नाही. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.