कावळ्यानं टिपलेलं रबर

नाय, गेल्या साली नाय, येसाजी. औंदाच. सन एकोणीसशे चौतीस, श्रावणातला शेवटचा सोमवार. भाताला पोटरी येत होती आणि घाटात पाऊस धरून बसला होता. मला सांगू नकोस, माझा लेक हाय. आता मार्गशीर्ष लागला, खळी उरकली, तेवढ्यात विसरलास? — बस. त्या बाकावर नको, त्याचा पाय मोडलाय. उभाच राहा हवं तर. निरोप धाडला आणि लोणावळ्याहून आलास, बरं केलंस. दुखवट्याचं काय बोलू नकोस, ते ऐकून झालं. तुला रडायला नाय बोलावला. बॅट आणलीस का? आणलीस. मंग झालं.

दार ओढून घे. वारा आला की चेंडू ढळतो. — पिंगपाँगचं टेबल तेच हाय, बघतोस काय? यार्डातल्या पोरांनी वर्गणी काढून करून घेतलं तेव्हा मी नागूला म्हटलं होतं, ह्या लाकडात चार घरांची दारं झाली असती. म्हणाला, बाबा, दारं काय, कुणीपण करंल. असा बोलायचा. माझा जन्म रुळांचे सांधे ओढण्यात गेला, मला उलटून बोलणारा यार्डात दुसरा कुणी नव्हता. आता ह्या खोलीची किल्ली माझ्याकडं असते. झाडायला येतो. रोज. — रोज काय झाडायचं? मालधक्क्याची धूळ हाय, दिसत नाय का तुला? दुपारची पॅसिंजर गेली की येतो.

ही त्याची बॅट. ओळखलीस ना. एका बाजूला लाकूड, एका बाजूला दाण्याचं रबर. मुंबईहून आणलं होतं. आणलं त्या दिवशी सायकलवाल्याकडनं पंक्चरचं सोल्युशन मागून आणलं, ओट्यावर बसून चिकटवलं, वर पाटा ठेवला. सोनाबाई मसाला वाटायला पाटा शोधतेय — तो म्हणतो, आई, आज आमटी नको. मी म्हटलं, चपलेच्या तळाला लावायचं ते फळीला लावलंस, आता फळी घालून चाल. हसला नाय. माझ्या हातात बॅट दिली, चेंडू दिला, म्हणाला, घासून बघा. मी घासला. चेंडू सरळ गेला नाय रं. जमिनीवर टेकला आणि थबकला, आणि माझ्याकडं मागं आला. मी परत नाय खेळलो. असला चेंडू मला आवडत नाय. गेलेली वस्तू मागं येऊ नये.

तू काचकागदवाला. सुतार लाकूड घासतात तो कागद फळीला चिकटवलेला, त्याला चेंडू धरवत नाय, सटकतो. म्हणून तुझं सगळं जोरावर — खट्, खट्. सरळ येतो, येतो तो दिसतो. नागूचा तसा नव्हता. त्याचे दाणे चेंडू धरायचे, क्षणभरच धरायचे, पण तेवढ्यात तो त्याला फिरवून द्यायचा. खालून कापला की तुझा परतीचा जाळीत. वरून घासला की टप्पा खाऊन अंगावर. मी बाहेर खिडकीशी उभा राहायचो — उभा राहायचो म्हणजे, जाता जाता. आवाजावरून कळायचं कुणी मारला. तुझा खट्, त्याचा ठप्. रोज ओल्या फडक्यानं दाणे पुसायचा. धूळ बसली की दाणा आंधळा होतो म्हणायचा. मी पण पुसतो आता. ओलंच फडकं. — पुसायला काय जातं?

त्या सोमवारी वीस-वीस झाले होते. आता जो दोननं पुढं जाईल त्याचा गेम, आणि तुझी सर्व्हिस. तेवढ्यात मालगाडीचा बोलावा आला, ब्रेकवाला कमी पडला होता. बॅट टेबलावर ठेवली आणि तुला काय म्हणाला? सांग. — तेच. येसाजी, हा गेम माझ्या अंगावर राहिला, येऊन फेडतो. मी खिडकीशी होतो, मी ऐकलंय. घाटात ठाकुरवाडीला गाडी रात्रभर पावसात उभी. आला तो हिवतापच घेऊन आला. शेवटी शेवटी आई कळंना, बायको माहेरी गेली होती तिची आठवण नाय, मी समोर बसलेलो मी कळंना. नुसतं वीस-वीस. सोनाबाईला वाटलं पैसं मागतोय, तिनं डब्यातले काढून उशाशी ठेवले.

दहाव्याला उल्हास नदीच्या काठी गेलो. पिंड मांडला. भात, वर सुका जवळा, त्याला आवडायचा तो, एक विडी. कावळे झाडावर भरलेले, एक खाली उतरंना. सगळ्यांनी सांगून बघितलं. माझा भाऊ आबाजी म्हणाला, तुझ्या बायकोला आमी अंतर देणार नाय. नाय आला. सोनाबाई म्हणाली, तुझ्या बाबांकडं मी बघंन. नाय आला. ऊन चढलं, लोकं चुळबुळ करायला लागली, दर्भाचा कावळा करून टेकवा म्हणाले. मला ठाऊक होतं काय अडलंय. ह्या खोलीवर माणूस धाडला, बॅट मागवली, पिंडाशेजारी ठेवली आणि म्हटलं, नागू, तुझा राहिलेला गेम मी येसाजीशी फेडून घेईन. लोकं माझ्याकडं बघायला लागली, म्हातारा कामातून गेला म्हणून. आणि कावळा उतरला.

उतरला, पण पिंडाला नाय शिवला. ऐक. तो चालत चालत बॅटकडं आला आणि रबराचे दाणे टिपायला लागला. त्याला वाटलं असंल जोंधळा. एकेक दाणा चोचीत धरून ओढायचा, ही बघ — एवढा पट्टा, रुपयाएवढा, सगळा तुळतुळीत. आणि उडून गेला. आबाजी म्हणाला, शिवला, शिवला, उठा आता. सगळे नदीत शिरले आंघोळीला. मी म्हटलं, भाताला कुठं शिवला? आबाजी म्हणतो, बॅट पानाशेजारीच होती की, एकाच मांडणीतली. असं चालतं का रं? तू लोणावळ्याचा, तुमच्यात चालतं का? — तुला पण ठाऊक नाय. कुणालाच नाय. तसलं कुणाचं घडलेलंच नाय ना.

नाय शिवला, हे मला महिन्यानं कळलं. ह्या खोलीला कुलूप, किल्ली माझ्या कनवटीला, आणि मी कुलपाला हात घालतोय तर आत आवाज. ठप्, ठप्, ठप्. तो बॅटवरच चेंडू झेलत उभा राहायचा ना, समोरचा तयार होईस्तोवर — तसा. घाई नाय, राग नाय. — पाल नाय ती. पालीला मी पण ओळखतो. आणि ऐक. ठप्, ठप्, आणि मधेच एक बसका आवाज, ओल्या मातीवर पडल्यासारखा. म्हणजे चेंडू त्या तुळतुळीत पट्ट्यावर पडला. तो जिवंत होता तेव्हा रबर अख्खं होतं, येसाजी. तो पट्टा नव्हता. म्हणजे ते जुनं कायतरी माझ्या कानात उरलंय असं नाय. तो आत्ता खेळतोय. उभा हाय तुझ्यासाठी.

सोनाबाईला मी आणलं होतं एकदा. तिला नाय ऐकू आलं. तिथं दारात उभी राहिली आणि म्हणाली, तुमी येता म्हणून वाजतं. तुमी येऊ नका, तो जाईल. बायकांचं काय — मी येतो झाडायला. दसरा गेला, दिवाळी गेली, तुला निरोप धाडायचा तर धाडवंना. लोणावळ्याच्या गाडीचा गार्ड रोज समोरून जातो, त्याला दोन शब्द सांगायचे, आणि तोंड उघडंना. उद्या सांगू, परवा सांगू. आज ऐकू आलं ना, मंग उद्याचं उद्या. — ते जाऊ दे. हे तुला सांगायचं नव्हतं. चेंडू घे.

त्याच्या जागी मीच. बाप हाय, माझाच हक्क. हसायचं असंल तर आत्ता हसून घे. आणि एक सांगतो, म्हाताऱ्यावर दया करू नकोस. सोडलेला पॉइंट त्याला पोचायचा नाय. कर सर्व्हिस.

— तुझा. मी बॅट उचलली पण नाय अजून. तुझा तर तुझा. विसावर एकवीस. एक एक सर्व्हिस आता, ही माझी. ही घे — जाळीत? तुझा जाळीत गेला? बरोबरी. मी काय केलं नाय येसाजी, मी नुसती बॅट धरली, मनगट आपोआप खाली वळलं. नागू कापायचा तसं. चल.

— तुझा. चांगला मारलास, खट्. — परत बरोबरी. बघ, वर गेला तुझा, टेबल सोडून गेला. कापलेला समजून तू उचललास, पण तो त्या पट्ट्यावर पडला होता, त्यात फिरकीच नव्हती. तुला दिसला तोच हात, तेच वळण, आणि आतून चेंडू कोरा. कावळ्यानं त्याला नवी चाल दिली. आता तुझा चेहरा बघायला पायजे होता त्यानं — बघतोय.

आणखी एकदा बरोबरी. आणि आणखी. घाम पुस. पाणी तिथं माठात हाय. लई वर्षांनी खांदा दुखतोय, दुखू दे. कोण पुढं जातच नाय बघ. जाऊ पण नये. बरोबरीत हाय तोवर गेम संपत नाय, होय ना? मंग संध्याकाळपर्यंत चालू दे, उद्या चालू दे, तू ये, मी किल्ली घेऊन — काय झालं? थांबलास का? कुणाकडं बघतोस माझ्या मागं? मागं कोण नाय.

तू रडतोयस. तुला पण आला का त्याचा आवाज?

मी पण ऐकलं. मला तुझ्याआधी आला. ठप् नाय, दमलेल्या माणसाच्या श्वासासारखं. पोरगं दमलंय. श्रावणापासून उभं हाय. आणि मी हितं बरोबरी मोजत बसलोय. — खेळ. तुझी सर्व्हिस. नागू, बाबा सांगतोय, आता पुरं. सोड माझा हात.

— तुझा. मनगट नाय वळलं. पुढली टाकतो मी. जड झाली बॅट. नुसती फळी हाय आता, माझ्या एकट्याच्या हातातली. तू मार, येसाजी, होता नव्हता जोर लावून मार.

तुझा गेम.

काय बोलू नकोस. दार उघडंच ठेव, आणि जा आता, तुझी गाडी सुटंल.

नागूचं फिटलं.