इशबेलच्या लग्नाचं पिंप

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आमच्या व्यवस्थापक कर्स्टी बुकॅनन, व्यासपीठावर बसलेले निवृत्त अबकारी अधिकारी श्री. प्रिंगल, आज गोदामाचा निरोप घेणारे सत्कारमूर्ती सोर्ली मॅकफी, पहिल्या रांगेतल्या एफीवहिनी, त्या दोघांची कन्या इशबेल, आणि बेटाच्या दोन्ही टोकांकडून असा वारा अंगावर घेत आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी डूगल्ड, भट्टीवाला. माझी आणि सोर्लीची दोस्ती जुनी आणि भांडण त्याहून जुनं. मी म्हणतो, व्हिस्की मी करतो. जव भिजवून मोड आणायचे, पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून सुकवलेल्या मातीच्या, धुरावर वाळवायचे, आंबवायचे, तांब्याच्या भांड्यांतून दोनदा गाळायचे, आणि पहिल्या धारेची बाजूला काढून मधली तेवढी घ्यायची. घाम माझा. मग ते पाण्यासारखं स्वच्छ, जिभेला चटका देणारं द्रव्य ओकच्या पिंपात भरून सोर्लीच्या गोदामात जातं. आणि हे गृहस्थ काय करतात? वाट पाहतात! वर्षानुवर्षं नुसती वाट पाहतात आणि शेवटी टाळ्या घेतात. सांगा, हा न्याय झाला?

पण खरं सांगू? वाट पाहावी तर सोर्लीनंच. वसंतात तो एकेका पिंपात नळी घालायचा, हुंगायचा, तीव्रता मोजायचा, आणि म्हणायचा, "अजून नाही." पिंपातून दरवर्षी थोडं उडून जातं, त्याला आपण देवदूतांचा वाटा म्हणतो. सोर्ली म्हणायचा, "देवदूतांना द्यायचं, पण त्यांची चटक वाढू द्यायची नाही." ज्यानं आपलं पिंप वेळेत फोडलं नाही त्याला तो फैलावर घ्यायचा. प्रिंगलसाहेब, तुम्हालासुद्धा त्यानं एकदा सही लांबवली म्हणून सुनावलं होतं. हसू नका, आठवतंय तुम्हाला!

आता आपल्याकडची रीत तुम्ही जाणताच. कामगाराच्या घरी मूल जन्मलं की मालक त्याच्या नावानं एक पिंप भरू देतात आणि ते लग्नाला फोडायचं. माझ्या मुलाचं लग्न झालं तेव्हा आपण सगळे दोन दिवस आडवे होतो, तो विषय नको. इशबेल जन्मली तेव्हा सोर्लीनं आधी शेरी वाइन मुरलेलं, सगळ्यात देखणं पिंप निवडलं आणि समुद्राकडच्या भिंतीला, ओलाव्यात, अलगद निजवलं. घरी पाळणा, इथे पिंप. दोन्हीकडे रोज फेरी.

पुढे काय झालं? पोरगी मोठी झाली, फेरीबोटीवर कामाला लागली, आणि लग्नाचं नाव काढीना. तिकडे देवदूतांचा वाटा जाता जाता पिंपाची तीव्रता उतरत चालली. कायदा असा, की ती चाळीस टक्क्यांखाली गेली की आतल्या मालाला व्हिस्की म्हणता येत नाही. मग एका रविवारी जेवताना, मी तिथेच होतो, सोर्लीनं सूप ढवळत विषय काढला.

"इशबेल, त्या गुरांच्या डॉक्टरचं काय झालं?"

"गेला मुख्य भूमीवर."

"परत येणार आहे?"

"का? गाय आजारी आहे आपली?"

"अगं, पिंप एक्केचाळिसावर आलंय!"

"बाबा! लोकांचे बाप मुलीचं वय मोजतात. तुम्ही पिंपाचे टक्के मोजताय?"

"मग तुझ्या लग्नात मी वाटू काय?"

"पाणी वाटा. इथे वरून फुकट पडतं."

एफीवहिनी हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेतात होत्या. सोर्ली हसला नाही. आणि त्या वसंतापासून, मंडळी, एक गोष्ट घडली. दुसऱ्यांची पिंपं मोजणाऱ्या या माणसानं स्वतःच्या पिंपात नळी घालणं बंद केलं. भीती वाटत होती त्याला. उघडून पाहिलं नाही तर ती व्हिस्कीच आहे, असा त्याचा हिशेब.

काल दुपारी इशबेल गोदामात आली. म्हणाली, "डूगल्डकाका, बूच काढा. बाबांच्या निरोपाला हेच प्यायचं."

सोर्ली आडवा आला. "ते तुझ्या लग्नाचं आहे."

"बाबा, मी लग्न करणार नाहीये. मला माझी बोट आवडते, माझं घर आवडतं. मी कुणाची वाट पाहत नाहीये हो. तुम्हीच पाहताय."

मी बूच काढलं. मोजायला सोर्लीचा हात उचलेना, म्हणून समारंभासाठी आदल्या दिवशीच आलेल्या प्रिंगलसाहेबांनी मोजलं. दोनदा मोजलं. मग टोपी काढून हळूच म्हणाले, "चाळिसाच्या खाली आहे, सोर्ली. कायद्यानं ही व्हिस्की नाही."

माझा मित्र पालथ्या बादलीवर बसला. "सगळ्यांना शहाणपण शिकवलं," तो म्हणाला, "आणि पोरीचं पिंप तेवढं मी घालवलं." त्याला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, उगाच का खोटं बोलू?

इशबेलनं ग्लास भरला. एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि तोच ग्लास बापाच्या हातात दिला. "माझ्या नावाचं आहे ना? मग कधी फोडायचं ते मी ठरवणार. मला हे तुमच्याबरोबर प्यायचं होतं, बाबा. लग्नाच्या गर्दीत तुम्ही कुठे सापडला असता?"

सोर्लीनं घोट घेतला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, कारण त्यात माझाही घाम होता. गोदामात सोर्लीनं एका घोटावर दुसरा कधी घेतला नाही, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. काल त्यानं तो ग्लास रिकामा केला आणि लेकीपुढे धरला. तिनं पुन्हा भरला.

अध्यक्षबाई खुणावताहेत, म्हणून आवरतो. शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर भट्टीच्या धगीनं डोकं तापलेला माणूस म्हणून पदरात घ्या. तुमच्या पुढ्यातल्या ग्लासात त्याच पिंपातलं जे आहे त्याला कायद्यानं नाव नाही. इशबेल आणि सोर्ली, उभे राहा दोघेही. मंडळी, ग्लास उचला, आणि कृपा करून कुणीही कशाचीही वाट पाहू नका.